आई-बाबांना लंडन दाखवायचं, तर आधी घराची किल्ली द्या

आई-बाबा लंडनला येणार हे पक्कं झालं की पहिली यादी प्रेक्षणीय स्थळांची होते. बिग बेन, टॉवर ब्रिज, राजवाडा, ग्रिनिच. ही यादी दोन-तीन शनिवार-रविवारांत संपते. व्हिजिटर व्हिसावर मात्र एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं आणि भारतातून इतक्या लांब आलेले आई-बाबा बहुधा दोन-तीन महिने तरी राहतात. आठवड्यातले उरलेले पाच दिवस तुम्ही कामावर आणि ते खिडकीपाशी. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी घर, मग गल्ली, मग बस, आणि त्यानंतर बिग बेन. तुमच्याशिवाय दुकानापर्यंत जाऊन परत येता आलं की मुक्कामाचा रंगच बदलतो.

येण्याआधी

महिना निवडता येत असेल तर मे, जून किंवा सप्टेंबर घ्या. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर शाळांना सुट्टी असते आणि सगळीकडे गर्दी. डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे हिंडायला जेमतेम सहा तास मिळतात.

प्रवास विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी, जे असेल ते सगळं लिहा. लपवलेल्या आजारावर दावा फेटाळला जातो. 'तिथे तर सगळं मोफत असतं' हा समज पाहुण्यांना लागू नाही. तातडीच्या विभागातले उपचार फुकट असले तरी पुढे दाखल करून घेतलं की एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट बिल येतं. औषधं पूर्ण मुक्कामाची आणि वर पंधरा दिवसांची आणायला सांगा. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव हवं, कारण भारतातले ब्रँड इथल्या केमिस्टला ओळखू येत नाहीत. औषधं आणि जादा चष्मा हातातल्या बॅगेत. इन्शुलिन किंवा वेळेला बांधलेली गोळी असेल तर उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांच्या फरकाचं वेळापत्रक तिथल्याच डॉक्टरांकडून लिहून आणायला लावा.

खाऊच्या बाबतीत आईचा हात थांबवावा लागतो. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातूनही आणता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, खवा, घरचं तूप नको. ताजी फळं आणि भाज्या आणायच्या तर नियम आधी तपासा. चटण्या, मसाले, मेतकूट, भाजणी, चकल्या, लाडू (तूप असलेले सोडून) यांची सहसा अडचण येत नाही. हापूसची पेटी एप्रिल-मेमध्ये वेंब्लीच्या ईलिंग रोडवर मिळते. तिचा भाव मात्र आई-बाबांसमोर रुपयांत करू नये.

विमानाचं तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागा, निदान ४८ तास आधी तरी. 'मला काय झालंय' म्हणून बाबा नाही म्हणतील. त्यांना सांगा, ही सोय फक्त चालता न येणाऱ्यांसाठी नसते. हीथ्रोला विमानापासून इमिग्रेशनपर्यंतचं अंतर खूप आहे, आणि मदतनीस बरोबर असला की रांगेत गोंधळ होत नाही. तुमचा पत्ता, फोन आणि परतीची तारीख कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवायला सांगा.

पहिले तीन दिवस: घर

पहाटे दोन-तीनला जाग येणार, हे धरूनच चाला. जूनमध्ये पावणेपाचला उजाडतं आणि रात्री सव्वानऊनंतर सूर्य मावळतो, म्हणून झोपण्याच्या खोलीला जाड पडदे लावा. पहाटे उठून चहा करता यावा एवढं स्वयंपाकघर पहिल्याच संध्याकाळी दाखवा. बाहेरची लांब सहल या तीन दिवसांत नको. जवळच्या बागेत एक फेरी पुरते.

दाराचं कुलूप ही सगळ्यात मोठी फसगत. इथली बरीच दारं नुसती ओढली की आपोआप लागतात आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. आई कचरा टाकायला बाहेर येते, वाऱ्याने दार लागतं, आत शेगडी चालू आणि फोन ओट्यावर. त्यामुळे दोघांना दोन वेगळ्या किल्ल्या द्या, गळ्यात किंवा मनगटात अडकवायच्या दोरीसकट. तिसरी शेजाऱ्यांकडे. कुलूप उघडायचा सराव त्यांच्या हातून पाच-सहा वेळा करून घ्या. बऱ्याच दारांना किल्ली फिरवताना दार स्वतःकडे ओढावं लागतं किंवा कडी आधी वर उचलावी लागते. हे पाहून येत नाही, हातालाच कळावं लागतं.

न्हाणीघरात मोरी नसते. टबाबाहेर सांडलेलं पाणी वाहून जायला जागाच नाही, ते लाकडी तळातून खालच्या छतात उतरतं. टबात रबरी चटई घाला, बाहेर जाड पायपुसणं, आणि टबाची कड ओलांडताना धरायला भिंतीत पक्का दांडा. सक्शनने चिकटणारे दांडे वजन पडलं की निसटतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. बादली-मग टबातच ठेवा. शौचालयातही एक मग किंवा टोटीची बाटली हवीच.

इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर आणि पितळी पातेलं तापतच नाही. ज्याच्या तळाला लोहचुंबक चिकटतो तेच भांडं चालतं, एवढा नियम पुरे. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो. खिडकी उघडून, पंखा लावून, स्वयंपाकघराचं दार बंद करून मग मोहरी टाकायची. उदबत्ती अलार्मच्या थेट खाली नको. अलार्मवर पिशवी बांधून ठेवणारी घरं आहेत, तो उपाय करू नका. वाजला तर टॉवेलने वारा घालायचा आणि घाबरायचं नाही, हे दोघांना एकदा मुद्दाम वाजवून दाखवा.

उपास असतील तर दोन गोष्टी. साबुदाणा आणि शेंगदाणे भारतीय दुकानांत मिळतात, पण भगर गुजराती नावाने ठेवलेली असते: मोरैयो किंवा सामो. आणि पंचांग लंडनचं लावा. जून-जुलैत संकष्टीचा चंद्रोदय इथे रात्री अकरा-बाराच्या सुमारास होतो. मधुमेह असलेल्या माणसाने तोवर थांबणं धोक्याचं आहे, म्हणून आधीच काय तो मार्ग ठरवा. पुण्याची वेळ पाळायची की दुपारी फराळ करायचा, ते त्यांनाच ठरवू द्या.

गल्ली आणि बस

चौथ्या दिवसापासून एकच रस्ता रोज चाला: घर, कोपऱ्यावरचं दुकान, बसस्टॉप, बाग, घर. दोन दिवस तुम्ही पुढे, तिसऱ्या दिवशी ते पुढे आणि तुम्ही मागे, चौथ्या दिवशी तुम्ही घरी. गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना मान बरोबर बाजूला वळते. अडचण वेगळीच येते. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी थांबते आणि आई-बाबा तिला 'जा जा' म्हणून हात करतात. गाडी थांबली की चालायचं, हे सांगावं लागतं. सिग्नलला बटण दाबून हिरव्या माणसाची वाट पाहायची.

फोनमध्ये इथलं प्रीपेड सिम घाला. खिशात एक जाड कार्ड ठेवा: घराचा पत्ता पोस्टकोडसह, तुमचा आणि शेजाऱ्यांचा फोन, जवळचा बसस्टॉप आणि बसचा नंबर, चालू औषधं. तातडीला ९९९, तब्येतीबद्दल विचारायला १११.

प्रवासासाठी प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. भारतातलं बँक कार्ड सहसा गेटवर नाकारलं जातं, कारण परदेशातले आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार बँकेच्या ॲपमधून मुद्दाम सुरू करावे लागतात, आणि चाललं तरी दर वेळी चलनाचं शुल्क कापलं जातं. सरळ दोन ऑयस्टर कार्डं घ्या आणि वीस-वीस पौंड भरा. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, शिरताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवायचं. बाहेर पडताना टेकवायचं राहिलं की सगळ्यात जास्त भाडं कापलं जातं. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं, आणि पहिल्या बसपासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच. दिवसाच्या खर्चाला वरची मर्यादा असते, ती गाठली की पुढचा प्रवास फुकट. बाबांना हे सांगितलं की ते मर्यादा 'वसूल' करायच्या मागे लागतात, ते एक बरंच.

साठीच्या पुढच्यांना मोफत प्रवासाचे पास फक्त लंडनच्या रहिवाशांना मिळतात, पाहुण्यांना नाही. रेल्वेची सवलत कार्डं मात्र कोणालाही मिळतात. सीनियर रेलकार्ड साठीनंतर, एका माणसाचं, आणि ते स्टेशनवर ऑयस्टरला जोडून घेतलं की गर्दीची वेळ सोडून तिथेही एक तृतीयांश सूट. टू टुगेदर रेलकार्ड दोघांत मिळून एकच. म्हणजे जोडप्याला अर्ध्या किमतीत पडतं, पण दोघं बरोबर असले तरच चालतं, सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतरच, आणि ऑयस्टरला जोडता येत नाही. बाथ, ऑक्सफर्ड, ब्रायटन अशा दोन-तीन सहली एकत्र करणार असाल तर दुसरं घ्या. बाबा एकटे हिंडणारे असतील तर पहिलं.

गुडघे दुखत असतील तर ट्यूबचा पायऱ्यारहित नकाशा उतरवून घ्या. त्यावर व्हीलचेअरची खूण दोन प्रकारची असते. निळ्या गोलातली पांढरी खूण म्हणजे रस्त्यापासून गाडीच्या डब्यापर्यंत पायरी नाही. पांढऱ्या गोलातली निळी खूण म्हणजे प्लॅटफॉर्मपर्यंत लिफ्ट, पण डब्यात चढताना उंची किंवा फट असेल. एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्थानकांना आणि डीएलआरला (पूर्वेकडची हलकी रेल्वे) लिफ्ट किंवा उतार आहेत. ज्युबिली लाइनवर वेस्टमिन्स्टर ते स्ट्रॅटफर्ड सगळीकडे लिफ्ट, शिवाय ग्रीन पार्क आणि वेंब्ली पार्कलाही. कव्हेंट गार्डनच्या गोल जिन्याला १९३ पायऱ्या आहेत, तिथे लिफ्टची रांग कितीही असली तरी लिफ्टच. उन्हाळ्यात सेंट्रल आणि बेकरलू लाइनमध्ये उकडतं. डिस्ट्रिक्ट, सर्कल, मेट्रोपॉलिटन या गाड्या वातानुकूलित आहेत.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं. साडीचा घोळ आणि ओढणी हातात उचलून धरायची, कारण कडेच्या ब्रशात अडकते. 'कृपया मला बसायला जागा द्या' असा बिल्ला टीएफएल (लंडनची वाहतूक संस्था) मोफत घरी पाठवतं. येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी मागवून ठेवा. चुकामुकीचा नियमही घरीच ठरवा: जो गाडीत राहिला त्याने पुढच्या स्थानकावर उतरून त्याच प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं, बाकीचे मागच्या गाडीने येतील. परत उलट्या गाडीत बसायचं नाही. दोघांनीही एकमेकांना शोधायला निघणं, यातच तास जातो.

एकट्याने जायचा पहिला प्रवास बसचा असू द्या. बाहेरचं दिसतं आणि पुढचा थांबा बोलून दाखवतात. लांबच्या बस हेच स्वस्त दर्शन आहे. ९ नंबर हॅमरस्मिथहून केन्सिंग्टन, अल्बर्ट हॉल, हाइड पार्क कॉर्नर करत ट्रफाल्गर चौकात आणते. १५ नंबर तिथूनच सेंट पॉल्स आणि टॉवरकडे जाते. वरच्या मजल्यावर पुढची जागा हवी असेल तर पहिल्या थांब्यावरून चढा. बस चालू असताना जिना चढू-उतरू नये.

बाहेरचे दिवस

एक दिवस बाहेर, एक दिवस घर. दिवसाला एकच मोठं ठिकाण आणि त्याला लागून एक बाग. सकाळी दहानंतर निघा, दुपारी चारपर्यंत परतीला लागा, सलग चालणं पाऊण तासाच्या वर नको. थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या किंवा ठेपले, प्रत्येकाला पाण्याची बाटली, आणि घडीचं हलकं रेनकोट-जाकीट. छत्र्या वाऱ्याने उलटतात. बूट भारतातच घेऊन महिनाभर घातलेले असावेत. इथे येऊन नवे घेतले की दुसऱ्या दिवशी फोड येतो आणि आठवडा वाया जातो. शौचालयं आधी पाहून ठेवा. मोठ्या रेल्वे स्थानकांत ती फुकट आहेत, संग्रहालयांतही.

वेस्टमिन्स्टरचा दिवस असा बांधा. लिफ्टने वर आलं की समोर बिग बेन. राजवाड्यासमोरचा पहारा-बदल पाहायला तासभर उभं राहून पुढच्यांच्या टोप्या दिसतात. त्यापेक्षा हॉर्स गार्ड्सचा घोडेस्वारांचा बदल घ्या: सकाळी अकराला, रविवारी दहाला, गर्दी कमी. मागेच सेंट जेम्सेस पार्क, तिथे बाकं आणि शौचालय. मग नॅशनल गॅलरी, फुकट, आत बसायला सोफे. इथे चित्रं पाहायची सक्ती करू नका.

ग्रिनिचला जाताना वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून बोट घ्या, ऑयस्टर चालतं, नदीतून सगळे पूल दिसतात. येताना डीएलआर, सगळ्यात पुढच्या जागेवर, कारण गाडीला समोर चालक नसतो. मूळ रेखावृत्त टेकडीवर आहे आणि चढ दमवतो. ज्यांना जमणार नाही त्यांना खाली सागरी संग्रहालयात बसवा, तेही फुकट.

नीस्डनच्या स्वामिनारायण मंदिराला (१९९५) वेंब्ली पार्कहून २०६ नंबरची बस. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आत फोटो नाही, आणि मूर्तींचं दर्शन दुपारी बंद असतं म्हणून वेळ पाहून निघा. त्याच दिवशी ईलिंग रोडची खरेदी उरकते. आई भाजी निवडायला लागली की दोन तास धरा. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, मंडळाची स्थापना १९३२ ची. तिथला एखादा कार्यक्रम मुक्कामाच्या पहिल्या पंधरवड्यातच गाठा, शेवटच्या आठवड्यात नको. तिथे झालेल्या ओळखीच पुढे मंगळवार-बुधवारी फोनवर बोलायला कामी येतात.

आणि एक दिवस असा ठेवा जो पर्यटकांच्या नकाशावर नाही. आई-बाबांनी शाळेपासून वाचलेली माणसं या शहरात राहिली आहेत. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे डॉ. आंबेडकरांचं १९२१-२२ मधलं घर. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि आता ते स्मारक आहे. ३१ नंबरच्या बसने अडेलेड रोडला उतरा, मागची गल्ली तीच. उघडण्याच्या वेळा आधी तपासा, आणि घराभोवती लोकवस्ती आहे म्हणून घोषणा, मोठ्याने बोलणं नको. तिथून दहा-पंधरा मिनिटांवर प्रिमरोझ हिल, माथ्यावरून सगळं शहर दिसतं, वर बाकं आहेत. ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली ती आल्डविचला, ९ नंबरच्या शेवटच्या थांब्याशीच.

लोकमान्य टिळक पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी आले तेव्हा १९१८-१९ मध्ये १०, हाउली प्लेस इथे राहत होते. भिंतीवर निळी पाटी आहे. वॉरिक ॲव्हेन्यू स्थानकाहून चालत जाता येतं आणि वाटेत लिटल व्हेनिसचा कालवा लागतो, सपाट आणि शांत. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये उघडलेलं इंडिया हाउस, जिथे सावरकर राहिले, ते हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू. तिथेही पाटी. ही दोन्ही खासगी घरं आहेत, त्यामुळे समोरच्या फुटपाथवरून पाहायचं, बेल वाजवायची नाही. हायगेटला चढ फार, तिथे बस किंवा टॅक्सीच. तिन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबू नका. आंबेडकरांचं घर आणि टेकडी एक दिवस, हाउली प्लेस आणि कालवा दुसऱ्या दिवशी.

शिवाजी महाराजांची म्हणून प्रसिद्ध असलेली वाघनखं पाहायची का, असा प्रश्न येतो. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली ती वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात गेली. सध्या ती कुठे आहेत ते पाहूनच उत्तर द्या. दक्षिण आशिया दालन उघडं आहे का, तेही आधी तपासा.

कामाचे दिवस

तुम्ही ऑफिसात असताना त्यांना एक ठरलेलं काम द्या, खरोखरीचं. दूध-ब्रेड आणणं, नातवाला शाळेतून आणताना बरोबर येणं, कुंड्या. वॉर्डाचं वाचनालय कोणालाही आत बसायला मोकळं असतं: हीटर, वर्तमानपत्रं, शौचालय, सगळं फुकट. काही वाचनालयांत मराठी-गुजराती-हिंदी पुस्तकांचं कपाट असतं, चौकशी करा. रोज एकाच वेळी बागेत गेलं की कुत्री फिरवणारे ओळखीचे होतात. इंग्रजी येत नाही म्हणून आई मागे राहते, पण हवामानावर दोन वाक्यं पुरतात आणि इथली माणसंही त्यापुढे जात नाहीत.

पैशांचं एक. तिकिटाचा आकडा सांगितला की 'आम्ही बाहेर बसतो, तुम्ही या बघून' हे ठरलेलं. महागडं तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि परत मिळणार नाही म्हणून सांगा. बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण अशी तिकिटं मुक्कामात दोन-तीनच ठेवा. खर्चाचं ओझं मनावर घेऊन माणूस नीट पाहत नाही. उंचावरून शहर पाहायचं असेल तर स्काय गार्डन फुकट आहे, फक्त आगाऊ नोंदणी लागते आणि चांगल्या वेळा लवकर संपतात.

परतीच्या आठवड्यात बाहेर काही ठरवू नका. बॅगा दोन दिवस आधी वजन काट्यावर घाला, व्हीलचेअरची नोंद पुन्हा तपासा, उरलेल्या गोळ्या मोजा. ऑयस्टर कार्डं परत करायची गरज नाही. त्यातले पैसे तसेच राहतात, नावं लिहून कपाटात ठेवा.